खिळ्यावाचून घट्ट पेटी

घरच्या घरी सागाची पेटी करणाऱ्याला कोपऱ्यात खिळा ठोकावा लागत नाही; डव्हटेल सांधा पुरतो. एका फळीच्या टोकाला पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या शेपट्या, दुसरीला त्यांच्या जोडीचे दाते. फळी ओढली की शेपटीचा रुंद भाग अडतो. प्राचीन इजिप्तच्या फर्निचरमध्येही हा सांधा सापडतो.

उतार मात्र बेताचा हवा. मऊ लाकडात साधारण सहास एक, कठीण लाकडात आठास एक. हावरेपणाने जास्त दिला, तर कोपऱ्यांत तंतू आखूड पडतात आणि टवका उडतो.

आखणीला पेन्सिलपेक्षा सुरी बरी. तिची रेघ तंतूच कापते, त्यामुळे पटाशीला टेकायला नेमकी जागा मिळते. अर्ध्या जाडीपर्यंत खोदून फळी उलटायची, नाहीतर पलीकडे ढलपी निघते. सागात सिलिका असते. धार लवकर जाते.

खरी गोम तळात आहे. दमट हवेत लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीला जवळपास नाही. चारही बाजूंचे तंतू पेटीभोवती आडवे फिरवले, तर भिंती एकदमच फुगतात नि आक्रसतात, सांध्याला ताण नाही. तळाची अखंड फळी मात्र खाचेत मोकळी ठेवायची. ती चिकटवली, तर कोकणातल्या पावसाळ्यात फुगून सांधे उचकटते, नाहीतर उन्हाळ्यात तडकते.