तापलेल्या एंजिनास पाण्याचा फवारा

पाणी आणि अग्नि यांचें वैर लहान मुलासही ठाऊक असतें. चुलींत पाणी सांडलें तर चूल विझते, आणि मोटारीच्या तेलांत पाणी शिरलें तर मोटार अडून बसते. असें असतां, धडधडत्या एंजिनाच्या पोटांत जाणूनबुजून पाण्याचा फवारा सोडणारे लोक आहेत, आणि तेंही त्या एंजिनाचें रक्षण व्हावें म्हणून, हें ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. अमेरिकेंत जड ओझें ओढणाऱ्या डिझेल ट्रकांचे कांहीं मालक पाणी व मेथॅनॉल यांचें मिश्रण एंजिनाकडे जाणाऱ्या हवेंत फवारतात. ह्या युक्तीचें मर्म काय, ती कोठपर्यंत उपकारक आहे आणि कोठें घातक ठरते, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हे ट्रक कोणते तें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे ट्रक म्हटला म्हणजे मालाची मोठी गाडी डोळ्यांपुढें येते. अमेरिकेंतील शेतकरी, सुतार, घोडे बाळगणारे लोक घरच्या कामास जो ठेवतात तो पिकअप ट्रक होय. त्यास पुढें बसण्याची जागा व मागें उघडा हौदा असतो. त्याच्या मागें ट्रेलर जोडून घोडे, गवत, होडी, फार काय, चाकांवर बांधलेलें घरच्या घर ओढून नेतात. १९८९ सालीं डॉज कंपनीनें अशा ट्रकांत कमिन्सचें ५.९ लिटरचें टर्बो डिझेल एंजिन बसविलें, आणि ओझें ओढण्याच्या कामीं डिझेलचा बोलबाला झाला. (हीच कमिन्स कंपनी १९६२ पासून किर्लोस्करांच्या भागीदारीनें पुण्यास आली, हें आमच्या कित्येक पालकांस माहीत असेलच.) त्या पहिल्या एंजिनाची शक्ति १६० अश्वशक्ति होती, आज ह्या जातीच्या ट्रकांत ५०० अश्वशक्तीचीं एंजिनेंही मिळतात.

सपाट रस्त्यावर ह्या एंजिनांस फारसे कष्ट पडत नाहींत. कसोटी लागते ती डोंगरांत. कोलोराडो राज्यांत रॉकी पर्वताच्या पोटांतून जाणारा आयझेनहॉवर बोगदा १९७३ सालीं वाहतुकीस खुला झाला. तो समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. पश्चिमेकडील सिल्व्हरथॉर्न गांवापासून त्या बोगद्यापर्यंत सुमारें ८ मैलांचा चढ असून तो कित्येक ठिकाणीं शेंकडा ७ आहे. म्हणजे शंभर फूट पुढें जातांना सात फूट वर चढावयाचें. आपल्या बोरघाटांत आगगाडीचा चढ सदतिसांत एक, म्हणजे शेंकडा तिहींहूनही कमी, आणि तेवढ्यासाठीं गाडीस मागून जादा एंजिनें लावावीं लागतात. रुळांची गोष्ट वेगळी हें खरें. तथापि शेंकडा ७ म्हणजे काय ह्याची त्यावरून कल्पना येईल. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. ट्रक व ट्रेलर मिळून १० टन वजन ताशी ८० किलोमीटर वेगानें अशा चढावर न्यावयाचें तर नुसतें वजन उचलण्याच्या कामींच सुमारें २०० अश्वशक्ति खर्च होते. वाऱ्याचा विरोध आणि चाकांचें घर्षण निराळेंच. आणि ही शक्ति एखाद्या क्षणापुरती नव्हे, तर दहा मिनिटें एकसारखी पुरवावी लागते.

आतां ह्या दहा मिनिटांत एंजिनाच्या आंत काय घडतें तें पाहूं. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या एंजिनांत पेट्रोलच्या एंजिनासारखी ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्यानें इतकी दाबली जाते कीं, ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते, आणि तींत तेलाचा फवारा सोडतांच तेल आपोआप पेट घेतें. अधिक शक्ति हवी असेल तर अधिक तेल जाळलें पाहिजे, आणि अधिक तेल जाळण्यास अधिक हवा पाहिजे. ही जादा हवा पुरविण्याचें काम टर्बो करतो. आल्फ्रेड बुची ह्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट घेतलें ती अशी कीं, एंजिनांतून वायां जाणाऱ्या तप्त धुरानें एक चक्र फिरवावें व त्याच्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून आंत कोंबावी. धुराकडून अशी वेठ घेण्याची ही कल्पना आम्हांस यंत्रविद्येंतील अत्यंत सुंदर कल्पनांपैकीं एक वाटते.

परंतु हवा दाबली कीं ती तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाचा तळ हातास चटका देतो, हा अनुभव प्रत्येक मुलाचा आहे. ३० अंश सेंटिग्रेडची हवा टर्बोनें तिप्पट दाबाची केली तर तिचें तापमान सुमारें १९० अंशांवर जातें. तापलेली हवा फुगते, म्हणून तेवढ्याच जागेंत तिचें वजन कमी मावतें, आणि ज्यासाठीं टर्बो लाविला तो हेतु अर्धवट फसतो. ह्यावर उपाय म्हणून टर्बो व एंजिन यांच्यामध्यें इंटरकूलर नांवाची जाळी बसवितात. तिच्यांतून जातांना हवा निवते. तरी चढावर संकट दुहेरी होतें. डोंगराच्या माथ्यावर बाहेरची हवाच मुळीं विरळ. अकरा हजार फुटांवर ती समुद्रकांठच्या हवेहून सुमारें तीन दशांशानें हलकी असते. तेवढाच दाब राखावयाचा तर टर्बोस अधिक जोरानें फिरावें लागतें, आणि जितकें अधिक दाबावें तितकी हवा अधिक तापते. शिवाय ओझ्यामुळें गाडी मंदावली म्हणजे जाळींतून वाहणारा वाराही मंदावतो.

जाणते चालक म्हणूनच चढावर वेगाच्या कांट्याबरोबर आणखी एका कांट्यावर नजर ठेवतात. एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराचें तापमान तो दाखवितो. हें तापमान टर्बोच्या आधीं मोजलें असतां १२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ६७५ सेंटिग्रेड, यांपलीकडे फार वेळ राहूं देऊं नये, असा जुन्या ट्रकांच्या बाबतींत त्यांचा संकेत आहे. कारण उघड आहे. दट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें. दट्ट्याच्या खालून तेलाच्या धारा मारून त्यास थंड राखतात, म्हणून तो टिकतो. पण ह्या सवलतीस मर्यादा आहे. ती ओलांडली तर दट्ट्याचा माथा वितळूं लागतो आणि टर्बोचें चक्रही धोक्यांत येतें.

येथें पाणी मदतीस येतें. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता लागते. पण त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० कॅलरी लागतात. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत ह्या गुप्त उष्णतेवर उदाहरणें सोडवितांना कंटाळणाऱ्या मुलांनीं पुढील उदाहरण लक्षांत घ्यावें. एंजिन सेकंदास २५० ग्रॅम हवा घेत आहे आणि तींत आपण ५ ग्रॅम पाणी फवारलें, असें समजा. तें सर्व वाफ झालें तर २७०० कॅलरी शोषून घेईल. एक ग्रॅम हवा एक अंश निवविण्यास ०.२४ कॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणून २५० ग्रॅम हवा सुमारें ४५ अंशांनीं निवेल. प्रत्यक्षांत सर्व थेंबांची वाफ वाटेंतच होत नाहीं. कांहीं थेंब सिलिंडरमध्यें पोंचतात व तेथील उष्णता शोषतात. तेंही इष्टच असतें. ज्वालेचें तापमान उतरल्यामुळें नायट्रोजनचे विषारी ऑक्साइडही कमी तयार होतात.

मग मेथॅनॉल कशास हवें? कोलोराडोच्या हिवाळ्यांत नुसतें पाणी टाकींत गोठेल, हें एक कारण. निम्में मेथॅनॉल घातलें तर मिश्रण शून्याखालीं ४० अंशांपर्यंतही गोठत नाहीं. दुसरें कारण असें कीं, मेथॅनॉल स्वतः जळतें. पूर्वी लाकूड बंद भांड्यांत तापवून तें काढीत, म्हणून त्यास लाकडाचा स्पिरिट म्हणत. वाफ होतांना तें पाण्याच्या निम्म्याहून किंचित् कमी उष्णता शोषतें, आणि जळतांना डिझेलच्या निम्म्याहून किंचित् कमी उष्णता देतें. ह्या दोन अर्ध्यांतच सर्व प्रकरणाची गोम आहे. वरच्या उदाहरणांत पाण्याऐवजीं निम्में-निम्में मिश्रण घातलें तर हवा ४५ ऐवजीं सुमारें ३३ अंशांनींच निवेल. उलट, सेकंदास १२ ग्रॅम डिझेल जळत असेल तर मेथॅनॉल त्या उष्णतेंत जवळजवळ एक दशांशाची भर घालील. म्हणजे आपण एंजिनास थंड पाणी देतों असें म्हणत त्यास आणखी एक घांस अन्नही भरवितों.

ही कल्पना कांहीं ट्रकवाल्यांची नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं मेसरश्मिट विमानांत व अमेरिकनांनीं थंडरबोल्ट विमानांत अशीच योजना वापरली होती. पण तीं पेट्रोलचीं एंजिनें. त्यांत इंधन अवेळीं भडकून ठोके बसूं नयेत, हा तेथील मुख्य हेतु. डिझेलमध्यें तें प्रयोजन नाहीं. आपल्याकडे कानपूर येथें बांधलेलें पहिलें ॲव्रो विमान १९६१ सालीं उडालें. त्याच्या रोल्स-रॉइस डार्ट एंजिनांसही उन्हाळ्यांत उड्डाणाच्या वेळीं घटलेली शक्ति भरून काढण्यासाठीं पाणी-मेथॅनॉल देण्याची सोय होती.

ट्रकावरील सामग्रींत फारसें गूढ नाहीं. एक टाकी, एक विजेचा पंप, बारीक छिद्राची तोटी, आणि टर्बोचा दाब ठराविक मर्यादेवर गेला कीं पंप सुरू करणारें एक उपकरण, एवढाच पसारा. तोटी इंटरकूलरच्या पुढें, हवा निवून आल्यावर, बसवितात. पाणी शुद्ध केलेलें असावें, नाहींतर क्षार सांचून छिद्र बुजतें. टाकी तोटीहून उंच असेल तर मध्यें पक्की झडप हवीच. कारण पंप बंद असतांनाही मिश्रण ओघळून सिलिंडरमध्यें सांचूं शकतें. पाणी हवेसारखें दबत नाहीं. दुसऱ्या दिवशीं एंजिन सुरू करतांच दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो व त्याचा दांडा वांकतो.

आतां मुख्य प्रश्न. ही सामग्री बसविल्यावर चालकानें तिचें काय करावें? कांट्यावरील तापमान उतरलेलें पाहून पाय सैल केला, म्हणजे मेथॅनॉलनें जेवढी शक्ति दिली तेवढें डिझेल कमी केलें, तर एंजिनास खरोखर विसांवा मिळतो. पण मनुष्यस्वभाव तसा नाहीं. कांटा उतरला कीं पाय आणखी दाबला जातो, वेग वाढतो, आणि तापमान पुन्हां होतें तेथें येऊन ठेपतें. मात्र आतां सिलिंडरमधील दाब पूर्वीपेक्षां अधिक असतो. ह्याहून वाईट म्हणजे टाकीचा भरंवसा. वरच्या हिशेबानें सिल्व्हरथॉर्नचा एकच चढ तीन लिटरांहून अधिक मिश्रण पितो. फवाऱ्याच्या बळावर जादा ओझें जोडलें आणि चौथ्या-पांचव्या मैलावर टाकी रिती झाली, किंवा तोटी बुजली, तर तेंच ओझें, तोच चढ आणि आधार गेलेलें एंजिन, असा प्रसंग ओढवतो. म्हणून आमच्या मतें जें ओझें फवाऱ्याशिवाय सुरक्षित ओढतां येत नाहीं तें फवाऱ्यासह ओढूं नये. अलीकडच्या ट्रकांत तापमान वाढतांच संगणक स्वतःच डिझेल कमी करतो. अशा ट्रकानें ठरलेल्या मर्यादेंतील ओझें ओढणाऱ्यास ह्या सामग्रीची फारशी गरज नाहीं. शिवाय ती बसविल्यानें एंजिन बिघडलें तर कारखानदार भरपाई नाकारूं शकतो. तिचा खरा उपयोग झाला तो जुन्या ट्रकांस.

पालकांनीं मात्र आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, आणि ती एंजिनाहून महत्त्वाची आहे. मेथॅनॉल हें विष आहे. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्या दारूंत मेथॅनॉल होतें. दिसण्यांत तें पाण्यासारखें व वासानें दारूसारखें. पोटांत गेल्यावर त्याचें फॉर्मिक ॲसिड बनतें, आणि तें डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालतें. अवघे दहा मिलिलिटर मेथॅनॉल दृष्टि घालविण्यास पुरेसें होऊं शकतें. फसवें असें कीं, अर्धा दिवस, कधीं पुरता दिवस, मनुष्य ठीक दिसतो. म्हणून बरें वाटतें एवढ्यावर न थांबतां ताबडतोब रुग्णालय गांठावें. तेथें त्यावर उतारा देतां येतो. तें कातडींतूनही शरीरांत शिरतें, यास्तव हाताळतांना हातमोजे घालावे. त्याची ज्वाला भर उन्हांत जवळजवळ दिसतच नाहीं. घरीं ठेवणें भागच पडलें तर मूळच्या डब्यांतच, चिठ्ठीसह, कुलुपांत ठेवावें. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलींत तें ओतून ठेवणें म्हणजे मुलाच्या हातीं मृत्यु देणें होय. अमेरिकेंत मोटारीची कांच धुण्याचें जें निळें पाणी मिळतें, त्यांतही बहुधा मेथॅनॉल असतें, आणि पुष्कळ ट्रकवाले तेंच ह्या कामास वापरतात.

राहतां राहिली उतरणीची गोष्ट. बोगद्याकडून सिल्व्हरथॉर्नकडे त्याच रस्त्यानें उतरतांना वाटेंत ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठीं खडीच्या आडवाटा केलेल्या आहेत. चढावर हवा निवविणारा फवारा येथें काडीचाही उपयोगी नाहीं. एंजिन खालच्या गिअरांत घालून, धुराच्या वाटेंतील झडप मिटून गाडी आवरावी लागते. टाकींत मिश्रण किती उरलें आहे ह्याच्याशीं त्या कामाचा कांहीं संबंध नसतो.