नव्या माशांना आधी अलग टाकी

आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी शेतीला जोड म्हणून गप्पी, मोली, गोल्डफिश अशा शोभेच्या माशांची पैदास सुरू केली आहे. जागा थोडी लागते आणि घरातल्या सर्वांना जमण्यासारखे काम आहे, म्हणून धंदा चांगला. पण बाजारातून पाच-दहा मासे आणायचे, तसेच मोठ्या टाकीत सोडायचे, आणि पंधरा दिवसांत जुन्या माशांसह सगळी टाकी रिकामी व्हायची, ही हकीकत आम्ही एकाहून अधिक घरी ऐकली आहे. नवी म्हैस आणली तर तिला आपण काही दिवस वेगळी बांधतो. मासा मात्र चकचकीत दिसला की आपली खात्री पटते.

लेवीय ग्रंथाच्या 13 व्या अध्यायात कातडीवर संशयास्पद चट्टा असलेल्या मनुष्यास याजकाने सात दिवस अलग ठेवावे, मग तपासावे, व गरज पडल्यास आणखी सात दिवस ठेवावे असे सांगितले आहे. पुढे 1377 साली रागुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या बंदराने प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवले. त्याचेच नंतर चाळीस दिवस झाले, आणि इटालियन भाषेतील चाळिसाच्या शब्दावरून ‘क्वारंटाईन’ हे नाव पडले. माशांनी सबंध उपवासकाळ पाळावा असे आम्ही म्हणत नाही. चार आठवडे पुरेत.

चार आठवडेच का? पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घ्या. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तोवर त्याला औषध पोहोचत नाही. तो पिकून गळतो, तळाशी जाऊन फुटतो, आणि त्यातून निघालेली शेकडो पिल्ले नवा मासा शोधत पोहतात. औषध लागू पडते ते याच वेळी. पाणी 25 अंश असेल तर हा फेरा आठवड्याभरात पुरा होतो. थंडीत तो बराच लांबतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आणलेल्या माशांना सहा आठवडे ठेवणे बरे.

टाकी 40-50 लिटरची पुरते. जुना टब चालेल, मात्र फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नये. तळाला वाळू नको. लपायला फुटक्या मडक्याचा तुकडा ठेवावा. वर जाळी हवी, कारण नवा मासा बिथरून उडी मारतो. टाकी जुन्या टाक्यांपासून दूर असावी. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

नव्या टाकीत मासे मरतात ते पुष्कळदा रोगाने नव्हे, तर स्वतःच्याच घाणीतून होणाऱ्या अमोनियाने. तो पचवणारे जिवाणू कोऱ्या टाकीत नसतात. यासाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर महिनाभर आधी निरोगी टाकीत चालवावा व मग इकडे आणावा. तो नसेल तर रोज पाव हिस्सा पाणी बदलावे आणि खाद्य बेताचे द्यावे.

गोल्डफिश व मोलीसाठी लिटरला 3 ग्रॅम खडे मीठ, म्हणजे 40 लिटरला 120 ग्रॅम, दोन-तीन दिवसांत विरघळवून थोडे थोडे घालावे. मीठ वाफेबरोबर उडत नाही. म्हणून जेवढे पाणी काढले तेवढ्यापुरतेच नवे घालायचे. मिशाळ माशांना मीठ सोसत नाही.

जाळे व बादली वेगळी ठेवावी. आधी निरोगी टाक्यांचे काम उरकावे, शेवटी अलग टाकीचे. दहाव्या दिवशी आणखी एक मासा आत सोडला तर दिवस पुन्हा एकपासून मोजावेत. इथे घाई करणारे फार भेटतात.

काढलेले पाणी ओहोळात वा विहिरीत न टाकता शोषखड्ड्यात ओतावे व मेलेले मासे पुरावेत. 1988 मध्ये ईशान्य भारतात शिरलेला माशांच्या व्रणांचा रोग काही वर्षांतच देशभर पसरला, हे विसरू नये.

हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये, आणि काम झाल्यावर साबणाने धुवावा. माशांच्या पाण्यातील एक जंतू जखमेतून शिरून बोटावर आठवडेच्या आठवडे न बरी होणारी गाठ आणतो. अशी गाठ दिसल्यास डॉक्टरांना आपण मासे पाळतो हे आपणहून सांगावे.