सब्र म्हणजे रडू दाबणं नव्हे

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशा घरी आपण पटकन म्हणतो, "सब्र करा, रडू नका." पण लहानग्या इब्राहीमच्या इंतकालावर प्यारे नबी (सल्ल.) स्वतः रडले होते. मनाई आहे ती गाल बडवून, कपडे फाडून आक्रोश करण्याला. बुडून मरणाऱ्याला हदीसमध्ये शहीदाचा दर्जा आहे, हा मोठा दिलासा. हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा नबींनी त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करायला सांगितलं. आपणही उपदेश कमी करू, डबा नेऊ, जवळ बसू. आणि तवक्कुल म्हणजे आधी उंट बांधणं. पावसाळ्यात मुलांना वाहत्या पाण्यात उतरवायचं नाही, हेही त्यातच आलं.