वाघाची डॉक्टर व्हायचंय म्हणते

वस्तीतल्या लसीकरणाला गेले तेव्हा एक ताई म्हणाल्या, "सिस्टर, पोरगी अकरावी सायन्सला आहे. वाघाची डॉक्टर व्हायचंय म्हणते. हिच्या पणजोबानं ढोरं ओढायचं सोडलं, आणि ही पुन्हा मेलेल्या जनावरांत?"

प्रश्न खोटा नाही. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ते काम सोडायला सांगितलं, तेव्हा लोकांनी पोटाला चिमटा काढून सोडलं. पण ताई, ते जातीनं लादलेलं होतं. आज वाघ मेला तर शवविच्छेदन पशुवैद्यक करतो. विष की विजेचा धक्का, हा अहवाल त्याच्या सहीनं कोर्टात जातो.

वाट अशी. बारावीला बायोलॉजी, मग नीट. एमबीबीएसला नंबर लागला नाही की घर गप्प बसतं. पशुवैद्यकीयचा अर्ज वेगळा असतो, तो राहून जातो. पदवी साडेपाच वर्षांची, इंटर्नशिप धरून. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीरला महाविद्यालयं आहेत. जातवैधता आत्ताच काढायला घाला. बौद्ध म्हणून कोणी सवलत नाकारली, तर १९९० च्या दुरुस्तीचं नाव घ्या.

वाघ लगेच भेटत नाही. आधी गाय, म्हैस, शेळी, कुत्रा. वन्यजीवांचं शिक्षण पदवीनंतर. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत ते होतं, आणि नागपूरला गोरेवाड्यात आपल्या विद्यापीठाचं वन्यजीव केंद्र आहे. वनखात्यात जागा थोड्या, त्यातही कंत्राटी बऱ्याच. म्हणून एमपीएससीची पशुधन विकास अधिकारी ही वाट उघडी ठेवावी.

आता माझ्या खात्यातलं. या कामाआधीच रेबीजची लस घ्यायची, चावल्यावर नाही: पहिल्या दिवशी, सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. तरीही जनावर चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवून पुन्हा दवाखाना गाठायचाच. रेबीजचा रुग्ण मी वॉर्डात पाहिलाय. पाण्याचा पेला दिसला तरी तो थरथरायचा. गोचीडही साधी नव्हे. २०१६ ला सिंधुदुर्गात माकडताप आला तो तिच्यामुळेच. जनावर बेशुद्ध करायची काही औषधं माणसाला टोचली तर जीव जातो, ती एकट्यानं हाताळायची नसतात.

पोरीला मी सांगितलं, सुट्टीत सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारून रोज तासभर उभी राहा. म्हशीचं अडलेलं बाळंतपण बघून जेवण गेलं, तर वाघाचं बोलू.