शाळेचा आराखडा आणि अमळनेरचे छात्रालय

प्रगतिपुस्तक बदलणार, ही बातमी आता घरोघर पोहोचली आहे. निव्वळ गुण आणि श्रेणी जाऊन 'समग्र' प्रगतिपुस्तक येणार. त्यात शिक्षकांच्या बरोबरीने मूल स्वतःबद्दल लिहिणार, वर्गमित्र त्याच्याबद्दल सांगणार, पालकही मत नोंदवणार. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली ही कल्पना 'परख' या राष्ट्रीय केंद्राने नमुन्यांत उतरवली आहे. दुसरीकडे शाळांना सव्वाशेहून जास्त मानकांवर स्वतःचे मूल्यमापन करून ते ऑनलाइन भरावे लागले. जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा शाळा विकास आराखडा उघडा, तीन मथळे हमखास सापडतील: गुणवत्तावाढ, विद्यार्थी नेतृत्व आणि सर्वांगीण विकास.

मथळे योग्यच आहेत. पण हे तीन स्वतंत्र उपक्रम आहेत असे मानून कामाला लागलो की तीन फायली तयार होतात, तीन फोटो अपलोड होतात आणि वर्ग आहे तसाच राहतो. माझ्या मते या तिघांचे मूळ एकच आहे. मोठी माणसे मुलांसोबत खरे काम करतात का, आणि त्या कामातला काही भाग खरोखर मुलांच्या हाती सोपवतात का? जिथे हे घडते तिथे अभ्यास, पुढाकार आणि मनाची वाढ एकमेकांच्या आधाराने होते. याचा पुरावा खानदेशातच आहे आणि तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

जून १९२४मध्ये पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, हे चोविशीतले शिक्षक अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत रुजू झाले. आज आपण ती प्रताप हायस्कूल म्हणून ओळखतो. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेले, अमळनेरच्याच तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहिलेले हे गृहस्थ पुढे छात्रालयाचे प्रमुख झाले. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली मुले तिथे राहत. खोलीतला पसारा, न धुतलेले कपडे, न उचललेली अंथरुणे हे कुठल्याही वसतिगृहाचे कायमचे दुखणे. त्यावर सान्यांनी दंड लावला नाही आणि नियमांचा फलकही टांगला नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या आवरत, अंथरुणांच्या घड्या घालत, कपडे धुऊन वाळत घालत. काही दिवसांत मुलांना आपली लाज वाटू लागली आणि खोल्या आवरलेल्या दिसू लागल्या.

ही गोष्ट आपण ऐकून ऐकून गुळगुळीत केली आहे, 'श्यामची आई'च्या लेखकाचा हळवेपणा म्हणून ती बाजूला ठेवतो. खरे तर ती शिक्षणाची एक नेमकी पद्धत आहे. स्वच्छता हे मूल्य म्हणून शिकवायचे असेल तर मुलाला ती कोणीतरी मनापासून करताना दिसली पाहिजे, आणि ते करणारे माणूस मुलाला आदरणीय वाटत असले पाहिजे. दोन्हींपैकी एक नसेल तर 'स्वच्छता पंधरवडा' फलकावरच राहतो.

त्याहून मोलाचे होते 'छात्रालय' दैनिक. साने गुरुजी पहाटे उठून ते हाताने लिहीत आणि मुलांना वाचायला ठेवत. देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, निसर्ग, साहित्य आणि छात्रालयातल्या घटनांवरची टिपणेही त्यात असत. दैनिक रोज निघणारे, त्यामुळे वाचनाची सवय रोजची. ते आपल्या खोलीपासून सुरू होऊन जगापर्यंत जाणारे, त्यामुळे वाचलेले आपल्याशी जोडलेले. पुढे १९२८मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. १९३०मध्ये ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. अमळनेरच्या शाळेत ते राहिले सहाच वर्षे. त्या सहा वर्षांत वाचन, वागणूक आणि देशाचे भान या गोष्टींचे वेगवेगळे तास त्यांना लावावे लागले नाहीत.

याच काळात पोलंडच्या वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर असेच काहीतरी करत होते. १९१२पासून ते अनाथ ज्यू मुलांचे वसतिगृह चालवत. तिथे मुलांचे न्यायालय होते. मूल मुलावर फिर्याद करू शके आणि मोठ्यांवरही. खुद्द कोर्चाक त्या न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभे राहिले होते. बहुतेक निकाल क्षमेचे असत, पण निकाल मुलांचा असे. ऑक्टोबर १९२६मध्ये त्यांनी एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणी सुरू केली. तिच्यात मुले लिहीत, मुलेच गावोगावहून बातम्या पाठवत. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत ती चालली. १९४२च्या ऑगस्टमध्ये नाझींनी ही मुले त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेली, तेव्हा कोर्चाक त्यांना सोडून गेले नाहीत. तेही मुलांबरोबर मारले गेले.

अमळनेरात दैनिक गुरुजी लिहीत, वॉर्सात वृत्तपत्र मुले लिहीत. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या टप्प्यात मोठ्या माणसाने करून दाखवायचे, दुसऱ्या टप्प्यात लेखणी मुलांच्या हाती द्यायची. आपल्या शाळा पहिला टप्पा वगळतात आणि दुसऱ्याचा समारंभ करतात. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते, मतपत्रिका छापल्या जातात, बोटाला शाई लागते, शपथविधी होतो. मुलांना त्यात आनंद मिळतो आणि मतदानाची ओळख होते, हे चांगलेच. पण पुढचे दहा महिने त्या मंत्रिमंडळाने काय ठरवायचे? परिपाठात सूचना वाचणे आणि रांगा लावणे याला नेतृत्व म्हणता येणार नाही. ग्रंथालयासाठी कोणती पुस्तके घ्यायची, मधल्या सुट्टीत मैदान कोणत्या वर्गाला कधी, परसबागेत काय लावायचे, सहलीचा खर्च कसा मांडायचा, या गोष्टी मुले नीट ठरवू शकतात. चुकले तर पुढच्या महिन्यात दुरुस्त करू शकतात. चुकण्याची मुभा असेल तरच ते त्यांचे काम होते.

खानदेशला तर मुलांच्या नेतृत्वाचा फार मोठा वारसा आहे. सप्टेंबर १९४२मध्ये नंदुरबारला, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्यात गेले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. दरवर्षी आपण त्याला वंदन करतो. त्याच वयाच्या नववी-दहावीच्या मुलांना शाळेच्या एका बैठकीत मन मोकळे करून बोलू देणे एवढे तरी आपण करायला हवे.

मुलांना बैठकीत बोलू द्यायला नवा शासन निर्णय लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. कलम २२ने शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम याच समितीला दिले. महाराष्ट्रात समितीवर दोन विद्यार्थी प्रतिनिधीही घ्यायचे असतात, त्यात किमान एक मुलगी. त्यांना मत देता येत नाही, पण बोलता येते. तुमच्या मुलाच्या शाळेत हे दोघे कोण आहेत, गेल्या बैठकीत ते काय बोलले, हे इतिवृत्त मागून पाहा. अनेक ठिकाणी त्यांची फक्त सही सापडेल. विद्यार्थी नेतृत्वाचे सगळ्यात सोपे, कायदेशीर आणि बिनखर्चाचे दार हेच आहे.

आता गुणवत्तेकडे. पाचवीत पोहोचलेल्या बऱ्याच मुलांना दुसरीचा उतारा सलग वाचता येत नाही, हे 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत. २०२१मध्ये सुरू झालेले 'निपुण भारत' अभियान याच अडचणीवर उपाय म्हणून आहे. आपल्याकडे या प्रश्नाला दोन खास बाजू आहेत. पहिली भाषेची. शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर मूल पावरी बोलते, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात भिल्ली आणि कोकणी, आणि तापी-पांझरेच्या काठी घराघरांत अहिराणी. प्रमाण मराठी या मुलांना शाळेत भेटते. पहिलीच्या शिक्षकाने घरची भाषा वर्गात बोलू दिली, तर मूल पहिल्या आठवड्यापासून बोलते. नाही तर ते गप्प बसायला शिकते, आणि गप्प बसलेल्या मुलाकडून पुढे नेतृत्वाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

दुसरी बाजू हंगामाची. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात असते आणि मोठी मुले, विशेषतः मुली, शेतात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी असतात. चाळीसगाव-साक्रीकडची कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत जातात. कारखान्याच्या फडावरून परतणाऱ्या मुलाचे वर्ष तुकड्यांत मोडलेले असते. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना याच मुलांसाठी आहे. पालक फडावर, मूल गावातच राहून शिकणार. ज्या शाळांच्या गावातून स्थलांतर होते, त्यांच्या आराखड्यात हंगामी वसतिगृहाचे पान पहिले हवे. छात्रालय म्हणजे काय हे सांगणारा प्रदेश आहे हा. इथे अशी वसतिगृहे निव्वळ जेवण-झोपण्याची सोय राहू नयेत.

सर्वांगीण विकासाची सुरुवात पोटापासून होते, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. नोव्हेंबर २०२३मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे द्यायचे ठरवले. निर्णय उत्तम होता. जानेवारी २०२५मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागातून सोय करा, असे शाळांना सांगण्यात आले. मला हे पटत नाही. वाढत्या मुलाचे प्रथिन गावाच्या ऐपतीवर सोडणे म्हणजे गरीब गावातल्या मुलाला दुसऱ्यांदा मागे ठेवणे. निधी परत सुरू व्हायलाच हवा. तोवर निदान रावेर-यावल पट्ट्यात, जिथून केळी रेल्वेने आणि ट्रकने दिल्लीपर्यंत जातात, तिथे एकही शाळा केळ्यावाचून राहू नये. बागायतदार आणि सोसायट्यांनी मनावर घेतले तर हे एका बैठकीचे काम आहे.

कला आणि हाताचे काम यांना ग्रामीण शाळेत 'वेळ उरला तर' अशी जागा मिळते. त्याला उत्तर म्हणून रावेर तालुक्यातले खिरोदे पाहावे. धनाजी नाना चौधरींनी तिथे घातलेल्या शिक्षणाच्या पायावर जनता शिक्षण मंडळाने पुढे ललित कला भवनही उभे केले. खेड्यात चित्रकलेचे उच्च शिक्षण मिळू शकते असे ज्या गावाने मानले, तिथले मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री झाले. १९३६च्या डिसेंबरात जवळच फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले होते. पुढच्याच वर्षी वर्ध्याला हाताच्या कामातून शिकवणाऱ्या नई तालीमची मांडणी झाली. डोके, हात आणि मन एकत्र वाढावे हा विचार आपल्या मातीला परका नाही.

धुळे जिल्ह्याने काही वर्षांपूर्वी एक वेगळी वाट दाखवली. मूळचे धुळ्याचे, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी गावोगावी प्रेरणा सभा घेतल्या. गावाने मोठा वाटा उचलायचा, उरलेला ते देणार. असे करत जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळा डिजिटल झाल्या. या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती सभा. गाव शाळेत आले, शाळा कशी आहे ते त्यांनी पाहिले आणि खिशात हात घातला. पडदा-प्रोजेक्टर जुने होतात. राज्यभर कितीतरी शाळांची वीज बिल थकले म्हणून तोडली जाते. गावाचा सहभाग मात्र टिकवता येतो. तो रंगरंगोटी आणि यंत्रांपुरता न राहता वाचन, उपस्थिती आणि मुलींच्या शिक्षणाकडे वळवणे हे पुढचे काम आहे.

हे सगळे करणार कोण? शिक्षकच. म्हणून त्यांच्या वेळेबद्दल बोलल्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक ठरणार नाही. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते. तरीही मतदारयाद्यांसाठी बीएलओची कामे, सर्वेक्षणे, यू-डायसची शाळा-माहिती, पोर्टलवरच्या नोंदी आणि दर आठवड्याला नवी लिंक यात द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींचा दिवस जातो. समग्र प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलाबद्दल बारकाईने लिहायचे तर मुलाकडे पाहायला निवांतपणा लागतो. तो दिला नाही तर उत्तरे एकाची पाहून दुसऱ्याच्या पुस्तकात उतरवली जातील. शिक्षण विभागाने नवा रकाना देताना जुने दोन काढावेत, ही मागणी पालकांनीही शिक्षकांच्या खांद्याला खांदा लावून केली पाहिजे.

शाळेने यंदा वेगळे काय करावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर छोटे आहे. दिवाळीपर्यंत चौथीतले प्रत्येक मूल सलग वाचू लागेल यासाठी सगळी शाळा झटावी. मुलांनी लिहिलेले भित्तिपत्र दर आठवड्याला निघावे, आणि पहिले काही अंक गुरुजी-मॅडमनी स्वतः लिहून दाखवावेत. व्यवस्थापन समितीतल्या दोन्ही विद्यार्थी प्रतिनिधींना बैठकीचे विषय आधी मिळावेत.

आणि सगळ्यात आधी, आराखड्याची एक प्रत सहावी-सातवीच्या मुलांना वाचायला द्यावी. तो त्यांना वाचता आला, त्यातले काय पटले नाही हे त्यांनी सांगितले आणि त्यांच्या सांगण्यावरून शाळेने त्यात एक जरी बदल केला, तर आराखड्यातले तिन्ही मथळे त्या दिवसापासून खरे व्हायला लागतील.