शालेय बास्केटबॉल संघनिवड

माध्यमिक शाळेच्या बास्केटबॉल संघासाठी खेळाडू निवडण्याकरिता घेण्यात येणारी चाचणी आणि तीसाठी करावयाची शारीरिक व मानसिक तयारी. संघात सामान्यतः १२ खेळाडू असतात व त्यांपैकी ५ एका वेळी मैदानावर उतरतात. साहजिकच जेथे चाळीस मुले चाचणीस येतात, तेथे अठ्ठावीस जणांना परत जावे लागते. चाचणी तास-दोन तासांत उरकते. तीत दिसते ते मात्र मागील दोन-तीन महिन्यांचे फळ असते.

जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला. कडक हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त व्यायामशाळेत खेळता यावे, हा त्यामागील हेतू होता. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या द्वारे तो भारतात आला. महाराष्ट्रात मुंबईतील नागपाडा भागाने या खेळाची दीर्घ परंपरा जोपासली. तेथे घडलेले अब्बास मुंतसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार लाभला. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. छपराखाली जन्मलेला हा खेळ आपल्याकडील बहुतेक शाळांत मात्र उघड्यावर, सिमेंटच्या मैदानावर खेळला जातो आणि कोकणपट्टीतील खेळाडूच्या पुष्कळशा अडचणी येथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रात क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने होणाऱ्या शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींच्या गटांत घेतल्या जातात. शाळेचा संघ तालुका वा महानगरपालिका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्या चढत जातो आणि राज्यस्तरावरून राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी खेळाडू निवडले जातात. ठरावीक पातळीवरील कामगिरीस शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळत असल्याने या निवडीकडे पालकांचेही लक्ष असते. मात्र शाळेच्या संघात स्थान नसेल, तर या शिडीची पहिली पायरीच चुकते. शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि प्राथमिक फेऱ्या पावसाळ्यातच सुरू होतात. म्हणजे निवड चाचणीचा काळ आणि भर पावसाचा काळ बहुधा एकच असतो.

कळंबोलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पनवेल तालुक्यातील हे उपनगर सिडकोने (स्थापना १९७०) नवी मुंबईचा भाग म्हणून वसविले व २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग येथून सुरू होतो. लोखंड-पोलादाच्या बाजारामुळे अवजड मालमोटारींची वर्दळ सतत चालू असते. जमीन सखल, खाडीलगतची. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या मैदानावर पाणी साचते, शेवाळ धरते आणि अशा निसरड्या जागी वेगाने दिशा बदलणे घोट्यास व गुडघ्यास धोक्याचे ठरते. त्यामुळे शाळा उघडल्यावर तयारी करू, असे म्हणणाऱ्या येथील विद्यार्थ्याच्या हाती कोरडे मैदान क्वचितच लागते. तयारीचा खरा हंगाम एप्रिल व मे हा होय. या महिन्यांतील दमट उकाड्याशी जुळवून घेण्यास शरीराला सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून पहिले दोन आठवडे व्यायाम हलका ठेवावा, तो सूर्योदयाच्या सुमारास करावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. धावण्यासाठी महामार्गाची कड कधीही निवडू नये. तेथे धूर आणि अपघाताचे भय दोन्ही असतात. वसाहतींतील अंतर्गत रस्ते, उद्याने व शाळेचे पटांगण हे पर्याय पुरेसे आहेत.

बास्केटबॉलमध्ये संथ धाव फार थोडी असते. २८ मी. लांबीच्या मैदानावर काही सेकंदांची वेगवान धाव, एकाएकी थांबणे, उडी, बाजूला सरकणे व पुन्हा धाव असा क्रम दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांत चालू राहतो. नुसते रोज पाच किलोमीटर धावणारा मुलगा चाचणीत लवकर दमतो, याचे कारण हेच. सुरुवातीच्या आठवड्यांत आठवड्यातून तीनदा वीस-पंचवीस मिनिटे संथ धावून पाया घालावा. त्यानंतर वीस ते तीस सेकंदांची वेगवान धाव व तेवढीच किंवा दुप्पट विश्रांती अशी सहा ते दहा आवर्तने करावीत. २० मी. अंतरावरील दोन रेषांमध्ये वाढत्या वेगाने ये-जा करण्याची चाचणी अनेक प्रशिक्षक घेतात, तेव्हा तिचाही सराव असावा. ताकदीसाठी महागडी साधने लागत नाहीत. आखाड्यातील जोर व बैठका खांदे, छाती आणि मांड्या यांना उत्तम व्यायाम देतात. त्यांना एका पायावर तोल सांभाळण्याच्या व कमरेच्या स्नायूंच्या व्यायामाची जोड द्यावी. पाऊस लागला की इमारतीचा जिना, दोरीवरच्या उड्या आणि वाहनतळाच्या छताखाली चेंडूचे टप्पे मारणे यांवर भागवावे लागते. वरच्या मजल्यावरील मंडळींची दुपारची झोप मात्र सांभाळलेली बरी.

उडी मारण्याइतकेच उडीवरून उतरणे शिकावे लागते. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून व ते आतल्या बाजूस न झुकू देता उतरण्याची सवय गुडघ्याच्या अस्थिबंधांचे रक्षण करते. ही दुखापत मुलींमध्ये अधिक आढळते. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, म्हणजे मुलींत सुमारे बाराव्या व मुलांत सुमारे चौदाव्या वर्षाच्या आसपास, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा येणे नेहमीचे असते. अशा वेळी उड्या कमी करून वैद्यकीय सल्ला घ्यावा. दुखणे सोसणे म्हणजे चिकाटी नव्हे. या वयात रात्री आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते. आहारात भाकरी वा भात, डाळी-उसळी, दूध, नाचणी, भाज्या आणि चालत असल्यास अंडी व मासळी असली, की डबाबंद पूरक भुकटीचे काम उरत नाही. मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाकडे लक्ष हवे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत तो आढळला. लवकर धाप लागणाऱ्या मुलीला आळशी ठरविण्यापूर्वी तिचे रक्त तपासावे, हे अधिक न्याय्य.

आत्मविश्वास ही उपजत देणगी मानण्याची पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट बँड्युरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, एखादे काम आपल्याला जमेल ही धारणा चार गोष्टींतून बनते : स्वतः मिळविलेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याचे यश पाहणे, विश्वासातील व्यक्तीचे प्रोत्साहन आणि स्वतःच्या शारीरिक स्थितीचा लावलेला अर्थ. यांपैकी पहिली सर्वांत प्रबळ होय. म्हणून नोंदवही हे तयारीचे स्वस्त व परिणामकारक साधन ठरते. रोज वीस मुक्त फेकी माराव्यात व किती पडल्या ते लिहावे. मेच्या आरंभी वीसपैकी सात आणि जूनमध्ये बारा हा लेखी पुरावा असतो. ‘तू करशील’ या कौतुकापेक्षा त्याचा आधार टिकाऊ असतो. डाव्या हाताने चेंडू नेणे व त्याच हाताने फलकाजवळून चेंडू टाकणे यांची नोंदही वेगळी ठेवावी, कारण चाचणीत कमकुवत हात लगेच उघडा पडतो. छाती धडधडणे व तळहात ओले होणे हा दुबळेपणा नसून शरीर सज्ज झाल्याची खूण आहे, हे समजलेल्या मुलास ती भीतिदायक वाटत नाही. श्वास सावकाश, लांबवर सोडल्याने धडधड काहीशी उतरते. अनोळखी मोठ्या मुलांत आधी काही सामने खेळून घेणेही उपयोगी पडते.

निवड करणारा क्रीडाशिक्षक केवळ टोपल्या मोजत नाही. चेंडू गमावल्यावर कोण धावत बचावाला परततो, उडालेल्या चेंडूसाठी कोण जागा अडवितो, मोकळ्या सहकाऱ्यास कोण पास देतो आणि सूचना एकदा सांगून कोणास कळते, हे त्याला पाहावयाचे असते. यांपैकी एकही गोष्ट उंचीवर अवलंबून नाही.

तरीही उंचीचा पगडा मोठा असतो. वयोगट जन्मवर्षाने ठरत असल्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघांची एकत्र तुलना होते. अनेक देशांतील कुमार संघांत वर्षारंभी जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक आढळते ते यामुळे. उशिरा वाढणारी मुले या चाळणीतून गळतात व पुष्कळदा खेळच सोडतात. पुढे जगद्‌विख्यात झालेले मायकेल जॉर्डन यांना १९७८ मध्ये विल्मिंग्टन येथील लेनी हायस्कूलच्या मुख्य संघात घेतले गेले नाही. ती जागा त्यांच्याहून बऱ्याच उंच अशा वर्गमित्रास मिळाली. त्यांना शाळेने दुय्यम संघात मात्र ठेवले. तेथे त्यांना भरपूर सामने खेळावयास मिळाले, दरम्यान त्यांची उंची वाढली आणि पुढील वर्षी ते मुख्य संघात आले. आपल्याकडील बहुसंख्य शाळांत असा दुय्यम संघ नसतो. न निवडलेल्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस संघाबरोबर सराव करू देणे आणि पावसाळा संपल्यावर, कोरड्या मैदानावर, त्यांची पुन्हा चाचणी घेणे एवढी व्यवस्था कोणत्याही शाळेला एका चेंडूच्या खर्चात करता येते.