गाय बसते कुठं, हे बघितलंत?

पहाटे गोठ्यात पहिलं पाऊल पडतं ते बाईचं. शेण काढणं, वैरण टाकणं, धार काढणं, सगळं तिच्याकडे. डेअरीच्या पुस्तकावर मात्र बहुतेक घरांत नाव पुरुषाचं असतं! पण गाय आजारी पडणार की ठणठणीत राहणार, हे बरंचसं ठरतं ते या रोजच्या कामातूनच. म्हणून मैत्रिणींनो, आज थोडं गोठ्याविषयी.

निरोगी गाय दिवसाकाठी बारा-तेरा तास बसून काढते. त्यात निवांत रवंथ करते. तिला बसायला कोरडी जागा नसेल तर ती ताटकळत उभी राहते, नाही तर शेणामुतात बसते. मग त्या ओलीतले जंतू सडातून कासेत शिरतात आणि होते दगडी, म्हणजे कासदाह. कास सुजली, दुधात गाठी आल्या की आपल्याला कळतं. पण छुपी दगडी डोळ्यांना दिसतच नाही, नुसतं दूध घटत जातं. आपण म्हणतो, "पेंड बदलली म्हणून असेल!"

उपाय महागडे नाहीत. धारेआधी सड धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करा. प्रत्येक गाईला वेगळं फडकं. अंगठा मुडपून ओढण्यापेक्षा पूर्ण मुठीने धार काढा, म्हणजे सडाला इजा होत नाही. नंतर सड आयोडीनच्या औषधात बुडवा. धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, म्हणून तेव्हाच ताजी वैरण टाका. खाण्याच्या नादात गाय उभी राहते! आजारी गाईची धार सगळ्यात शेवटी काढा आणि हात साबणाने धुवा.

हल्ली आपल्याकडे अनेकांनी मुक्त संचार गोठा केलाय. कुंपण घालून दावं सोडायचं, एवढंच. गाय आपली कोरडी जागा आपणच शोधते, हवं तेव्हा पाणी पिते. दुभत्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागतं. दोन वेळा बादली दाखवून ते कसं भागणार? मात्र मोकळ्या गोठ्यात रोगही मोकळा फिरतो. त्यामुळे बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं आणि आजाऱ्यासाठी कोपरा राखून ठेवायचा.

२०२२ साली लम्पीच्या साथीने किती घरांतली दुभती जनावरं नेली, ते आपण पाहिलंय. तो रोग माणसाला होत नाही. पण चावणाऱ्या माशा, डास, गोचीड तो पसरवतात, आणि त्यांना थारा देतो साचलेला उकिरडा. तेव्हा उकिरडा गोठ्यापासून लांबच हवा. लाळ्या-खुरकताची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्यायला विसरू नका.

आता खास बायकांसाठी. गाय दिवस भरण्याआधीच गाभडली, तर 'नजर लागली' म्हणून सोडून देऊ नका. ब्रुसेला नावाचा जंतू असू शकतो आणि तो माणसालाही होतो. वारंवार ताप, रात्री घाम, सांधेदुखी ही त्याची लक्षणं. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी कधीच उचलू नका. हातमोजे घाला, चुना टाकून खोल पुरा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला तिथं फिरकू देऊ नका. दूध उकळूनच प्या. आणि असा ताप आलाच, तर डॉक्टरांना "आमच्याकडे जनावरं आहेत" हे आवर्जून सांगा. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना तिला एकदा लस दिली की झालं. सरकारी दवाखान्यात विचारा. २०१९पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही आणि खुरकताची लस मोफत आहे.

उद्या सकाळी धारेला बसण्याआधी एक करा. गाय उठली की ती बसली होती तिथं हात लावून बघा. हात ओला झाला, तर कामाला तिथूनच सुरुवात!